नियोजनकाराचा अशील कोण?

मराठीत नगररचनेविषयी जे लिहिले जाते त्याचे सूर बहुधा दोनच असतात. एक भूखंडांच्या श्रीखंडाचा, म्हणजे कोणी कोणाला काय वाटले आणि कोणी काय लाटले याचा. दुसरा स्वप्नांचा, म्हणजे रुंद रस्ते, हिरवी मैदाने आणि द्रष्ट्या माणसांच्या कौतुकाचा. या दोन्ही सुरांत नियोजनकार नावाचा माणूस हरवून जातो. पहिल्यात तो राजकारण्याचा कारकून ठरतो आणि दुसऱ्यात ऋषी. वास्तविक तो डॉक्टर किंवा वकील यांच्यासारखा एक व्यावसायिक असतो. त्याच्याजवळ एक शिकून मिळवलेले कौशल्य असते, आणि ते कोणासाठी व कोणाविरुद्ध वापरायचे हा प्रश्न त्याच्यापुढे रोज उभा असतो, मग त्याला तो दिसो वा न दिसो.

लबाड माणसाने केलेला अन्याय समजायला सोपा असतो. निष्णात आणि सचोटीच्या माणसांनी मनापासून लोकहितासाठी केलेल्या आराखड्यातून अन्याय घडतो तेव्हा तो नेमका कोठून शिरला, हे शोधणे कठीण जाते. नवी मुंबईचा इतिहास मला त्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

मुंबईची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत ४१ लाखांवर होती आणि दहा वर्षांत ती ६० लाखांच्या घरात जाणार होती. बेटाचा आकार लांबट, दक्षिणेकडे निमुळता होत जाणारा. कचेऱ्या दक्षिण टोकाला, राहणारी माणसे उत्तरेला, आणि दोहोंना जोडणारे लोहमार्ग. सकाळी सगळ्यांनी एका दिशेला जायचे, संध्याकाळी सगळ्यांनी उलट यायचे. हे फार काळ चालणार नाही हे अनेकांना कळले होते. ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्येच बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडून उपनगरांचा व जोडशहरांचा विचार केला होता. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वसवावी असे सुचवले. तरीही महापालिकेने १९६४ मध्ये जी विकास योजना मांडली ती मुख्यतः बेटाच्या चौकटीतच विचार करणारी होती.

या योजनेवर तिघांनी हरकत घेतली. चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता हे वास्तुविशारद, तर शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता. (केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल पटेलांचा, १९६५ चा, देशातला पहिला.) तिघेही चाळिशीच्या आतबाहेरचे. मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘मार्ग’ नियतकालिकाने १९६५ मध्ये मुंबईवर विशेषांक काढला आणि त्यात त्यांची कल्पना सविस्तर आली. शहर उत्तर-दक्षिण ताणत न नेता पूर्वेला, खाडीपलीकडे न्यावे. राज्याचा कारभार तिकडे हलवावा, म्हणजे कचेऱ्या आणि पाठोपाठ माणसे जातील. सरकारी पगारावर नसलेल्या तीन नागरिकांनी स्वतःच्या वेळात एका महानगराचा विचार करावा आणि सरकारला तो घ्यावा लागावा, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने विकेंद्रीकरणाला दुजोरा दिला, १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला, आणि मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पटेल आणि कोरिया दोघेही १९७४ पर्यंत तिच्या नियोजनात प्रमुख पदांवर होते.

त्यांच्या कल्पनेचा गाभा इमारतींचा नव्हता, जमिनीच्या किमतीचा होता. भातशेताशेजारून रस्ता गेला, पाणी आले, रेल्वे आली की त्याच जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते. ही वाढ मालकाने काही केल्यामुळे होत नाही, सार्वजनिक पैशाने होते. मुंबईत मात्र ती सगळी मालकाच्या किंवा सट्टेबाजाच्या खिशात जाई, आणि रस्ते-पाण्याला महापालिकेकडे पैसे नसत. यावर उपाय असा की शहर येण्यापूर्वीच सगळी जमीन एका सार्वजनिक संस्थेने शेतीच्या भावाने घ्यावी, विकसित करावी, काही भाग बाजारभावाने विकावा आणि त्या पैशातून रस्ते, शाळा, मलनिःसारण आणि गरिबांना परवडेल असे घर द्यावे. शहराने स्वतःच्या वाढीचा खर्च स्वतःच भागवावा.

हा विचार नवा नव्हता. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली तिच्या मुळाशी हेच होते, आणि १९०३ पासून लेचवर्थ वसवताना ते अंमलातही आले. एक फरक मात्र आहे आणि तो मला कळीचा वाटतो. लेचवर्थची जमीन विकायला राजी असलेल्यांकडून बाजारात विकत घेतली गेली. खाडीपलीकडची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जायची होती, आणि त्या कायद्यात मालकाच्या राजीपणाचा प्रश्नच येत नाही.

हा हिशोब रचणाऱ्यांच्या कौशल्याविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे सगळे एकांगी होईल. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे. बराचसा सखल भाग भरतीच्या पातळीखालचा. सगळीकडे भराव घालणे परवडणारे नव्हते. म्हणून खाडीकाठी मोठे धारण-तलाव काढले आणि त्यांच्या तोंडाशी झडपांची दारे बसवली. भरतीला दार पाण्याच्या दाबाने मिटते, तोवर पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला दार उघडते आणि पाणी खाडीत जाते. ज्यांनी कोकणातली खारभूमी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथल्या शेतकऱ्यांच्या बांधाला जी उघाडी असते तिचे तत्त्व अगदी हेच. ही युक्ती गावकऱ्यांकडून उचलली असा पुरावा मात्र मजजवळ नाही. एकाच पाण्याशी दोघांनाही सामना करायचा होता, एवढेच. तसेच शहराची रचना. एकच केंद्र न करता लोहमार्गाच्या कडेने अनेक उपनगरे गुंफायची, प्रत्येकात शाळा-बाजार-काम जवळ ठेवायचे. गरिबांना घराकरता दरमहा किती देता येईल याचा हिशोब आधी आणि घराचा आकार नंतर, असा क्रम. कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला जी वसाहत केली तिच्यात सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आणि सगळ्यात मोठा ७५ च्या आसपासचा. श्रीमंत-गरिबांच्या भूखंडांत एवढेच अंतर ठेवणे हे रेखाटनाचे कौशल्य नव्हे, ती एक नैतिक भूमिका आहे.

इतकी नैतिक जाण असलेल्या आराखड्यात ९५ गावांतला माणूस कोठे होता? तो जमिनीच्या खर्चाच्या रकान्यात होता. शेतीच्या भावाने घ्यावयाची जमीन, इतकीच त्याची नोंद. सगळ्या हिशोबाचे यश एका फरकावर अवलंबून होते: घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांमधल्या फरकावर. घेण्याचा भाव जितका कमी तितकी शहराची आणि शहरातल्या गरिबांची सोय अधिक. म्हणजे नव्या शहरात येणाऱ्या गरिबाला घर मिळावे यासाठी तिथे आधीपासून असलेल्या गरिबाने जमीन स्वस्तात द्यायची, असे ते गणित होते. यात कोणाचा लोभ नव्हता आणि कोणाचा खिसा गरम होत नव्हता. म्हणूनच ते कोणाला खटकले नाही.

बेटावरून पाहणाऱ्याला पलीकडचा किनारा रिकामा दिसत असे. तो रिकामा नव्हता. आगरी, कोळी, कराडी समाजांची ती गावे. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारी. मिठागरे आणि खारजमिनी ही निसर्गाने दिलेली जमीन नाही, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली आहे, आणि तो बांध दर वर्षी राखावा लागतो. या जमिनीच्या मालकीचा इतिहासही सरळ नाही. ती पिढ्यानपिढ्या खोतांची आणि सावकारांची होती. याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि तो तब्बल सहा वर्षे चालला. शेत पिकवायचेच नाही असा तो संप होता. लाकडे तोडून, करवंदे विकून माणसे जगली पण त्यांनी खोतासाठी नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, म्हणजे त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला.

ज्या संपादनाने नवी मुंबई उभी राहिली त्याची अधिसूचना १९७० ची आहे. मधे गेली तेरा वर्षे. बापाने कुळ म्हणून कसलेली, मुलाच्या नावे सातबाऱ्यावर लागलेली जमीन सातबाऱ्यावरची शाई वाळते न वाळते तोच सरकारने मागितली, अशी अनेक घरांची कथा आहे. नियोजनाचे सर्वेक्षण जमिनीचा उतार मोजते, मातीचा कस मोजते, भरतीची रेषा मोजते. जमीन किती काळ वाट पाहून मिळाली हे मोजण्याचे साधन त्या पेटीत नव्हते.

१८९४ च्या कायद्याने अन्याय आणखी धारदार केला. मोबदला ठरायचा तो प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने. त्या दिवशी भाव गोठला. पैसे हाती पडायला दहा वर्षे लागोत की बारा, शेजारी भूखंड विकले जात असोत, रस्ता दारातून गेलेला असो. शेतकऱ्याचा भाव मात्र १९७० चाच. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे तर नुकसान कायद्याला दिसतच नाही. मिठागरावर मजुरी करणारा, खाडीत जाळे टाकणारा, गावाचा न्हावी, सुतार यांचे जगणे गेले तरी त्यांचे काही ‘संपादित’ झालेले नसते. (हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ज्ञान संपादन करतात, यश संपादन करतात; जमीनही तशीच, जणू मिळवणाऱ्याच्या कर्तबगारीने मिळालेली. आणि ज्याची गेली तो ‘प्रकल्पग्रस्त’. पूरग्रस्त, रोगग्रस्त यांच्या पंक्तीतला. प्रकल्प ही जणू दैवी आपत्ती, कोणी माणसांनी टेबलावर बसून घेतलेला निर्णय नव्हे.)

दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता असे म्हणावे तर तेही खरे नाही. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगररचना कायदा झाला, हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा पहिला. त्याची रीत अशी: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, मैदाने, शाळा यांची जागा काढायची, उरलेली जमीन नीट चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना परत करायची, आणि वाढलेल्या किमतीतला काही हिस्सा त्यांच्याकडून वसूल करायचा. मालक हटत नाही. त्याची जमीन आकसते पण शहरी होते. या पद्धतीने मुंबईच्या उपनगरांचे, पुण्याचे, अहमदाबादचे कितीतरी भाग वसले. १९६६ च्या अधिनियमातही ही तरतूद कायम ठेवली होती. सिडकोच्या नियोजकांच्या कपाटात हे हत्यार होतेच.

ते का वापरले नाही याची उत्तरे आहेत आणि ती पोकळ नाहीत. नगररचना योजनांना वर्षानुवर्षे लागत. एकेका भूखंडावर वाद, सुनावण्या, अपिले. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर तसे करायचे तर शहर एका पिढीत उभे राहिले नसते. शिवाय मालकांच्या हाती भूखंड राहिले असते तर सट्टेबाजांनी ते उचलले असते आणि किंमतवाढ सार्वजनिक हाती ठेवण्याचा मूळ हेतूच गेला असता. हा युक्तिवाद मला गंभीर वाटतो. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. वाढलेल्या किमतीवर ‘समाजा’चा हक्क असे म्हणताना त्या समाजात आधीच राहणाऱ्या शेतकऱ्याची गणना केलेली नाही. त्याला सट्टेबाजाच्या रकान्यात टाकले आहे.

आणि महाराष्ट्रात तर शेतकऱ्याला भागधारक करण्याची परंपरा होती. ज्या धनंजयराव गाडगीळांच्या समितीने हे शहर वसवण्याला दुजोरा दिला, तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांसह प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागे उभे होते. ऊस विकून मोकळा होणारा शेतकरी आणि कारखान्याचा सभासद असणारा शेतकरी यांत काय अंतर असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जो विचार उसाला लागू झाला तो भाताच्या जमिनीला का लागू झाला नाही, याचे कोडे मला पडते. पुढे पुण्यात हडपसरजवळ मगर कुटुंबीयांनी पुढाकार घेऊन शंभरावर शेतकरी कुटुंबांच्या सुमारे चारशे एकर जमिनीची एक कंपनी केली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग देऊन मगरपट्टा वसवला. तिथले शेतकरी आपसांत नात्यागोत्याचे होते, शहर दाराशी आलेले होते, त्यामुळे तो धडा जसाच्या तसा ९५ गावांना लागू करता येणार नाही. पण कल्पना अशक्य नव्हती, एवढे त्याने दिसते.

योगायोग असा की ‘मार्ग’चा तो अंक निघाला त्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेत पॉल डेव्हिडॉफ या नियोजनकाराचा एक निबंध प्रसिद्ध झाला. डेव्हिडॉफ कायदाही शिकलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नियोजन तटस्थ असूच शकत नाही. प्रत्येक आराखड्यात कोणाचे तरी हित गृहीत धरलेले असते. मग ‘जनहित’ या एका गोल शब्दामागे न लपता नियोजनकाराने वकिलासारखे वागावे. माझा अशील कोण ते उघड सांगावे, त्याची बाजू मांडावी. ज्यांची बाजू कोणी मांडत नाही त्यांनाही नियोजनकार मिळावा, म्हणजे एका शहरासाठी एकाऐवजी अनेक आराखडे समोर येतील आणि निर्णय खऱ्या वादातून होईल.

हा कस सिडकोला लावून पाहावा. तिथल्या नियोजकांचा अशील कोण होता? औपचारिक उत्तर: राज्य सरकार, कारण सिडको ही सरकारचीच कंपनी. त्यांच्या मनातले उत्तर: मुंबईत कोंडलेला, आणि उद्या येऊ घातलेला, माणूस. शेतकरी या दोन्ही उत्तरांत बसत नाही. त्याला ‘हरकती व सूचना’ देण्याचा हक्क कायद्याने होता. परंतु हरकत घ्यायची तर नकाशा वाचता आला पाहिजे, पर्याय मांडता आला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य सगळे समोरच्या पक्षाकडे. न्यायालयात एका पक्षाला वकील आणि दुसऱ्याला नाही असे झाले तर आपण त्याला न्याय म्हणत नाही. नगररचनेत तसे सर्रास चालते आणि कोणाला वावगे वाटत नाही. व्यवसायाचे नियमही यात फारसे उपयोगी नाहीत. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, १९८९ ची आचारनियमावली आहे, पण तिचा मुख्य रोख अशिलाशी प्रामाणिक राहण्यावर. नगररचनाकारांची संस्था १९५१ पासून आहे. त्यांच्या व्यवसायाला बांधणारा स्वतंत्र कायदा मात्र नाही.

आणि ज्या सरकाररूपी अशिलासाठी एवढे केले त्याने काय केले? योजनेचा कणा होता सरकारी कचेऱ्यांचे स्थलांतर. त्यावरच दक्षिण मुंबईचा भार हलका होण्याची आशा होती. प्रत्यक्षात सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत गेले, तिथले भूखंड सरकारच देत होते, आणि मंत्रालय जागचे हलले नाही. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला खरा, पण वाशीला लोकल पोचायला १९९२ उजाडले. पटेल आणि कोरिया यांनी पुढे ही खंत अनेकदा जाहीरपणे व्यक्त केली. योजनेचा विश्वासघात झाला, ही त्यांची भावना रास्तच म्हणावी लागेल. परंतु तो विश्वासघात त्यांच्यापुरता नव्हता. शेतकऱ्याकडून जमीन मागताना जे कारण दिले गेले, मुंबईचा श्वास मोकळा करायचा आहे म्हणून, ते कारणच सरकारने स्वतःच्या हाताने मोडीत काढले. संपादन मात्र थांबले नाही. ज्या यज्ञासाठी आहुती मागितली तो यज्ञ यजमानानेच आटोपता घेतला, आणि आहुती घेणे चालू ठेवले.

नियोजकांना ही विसंगती दिसत असेलच. राजीनामा देणे, जाहीर लिहिणे, आतून भांडणे हे मार्ग त्यांना होते आणि त्यांतले काही त्यांनी चोखाळले. पण ‘तुम्ही कचेऱ्या हलवत नसाल तर आम्ही जमिनीही घेणार नाही’ अशी अट घालण्याचा अधिकार कोणत्याच नियोजकाला नव्हता. किंबहुना तशी अट घालणे हा आपल्या कामाचा भाग आहे असे त्या व्यवसायाच्या शिक्षणात कोणी सांगितलेले नसते.

शेतकऱ्यांची बाजू मांडणारा माणूस अखेर नियोजनाच्या बाहेरून आला. जासई गावचे दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे ‘दिबा’. कायद्याचे पदवीधर, शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे आमदार, पुढे खासदार. डेव्हिडॉफ यांचा निबंध त्यांनी वाचला असण्याची शक्यता नाही, पण त्यांनी केले ते तेच. आंदोलन चिघळत गेले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. याच महिन्यांत बेलापूरला ४५ आणि ७५ चौरस मीटरच्या त्या समतावादी भूखंडांवर काम चालू होते. हे दोन्ही एकाच शहराच्या इतिहासात एकत्र ठेवून वाचले जात नाहीत. वास्तुकलेच्या पुस्तकांत एक असते, हुतात्मा स्मारकांवर दुसरे.

त्या आंदोलनातून जी मागणी वर आली ती केवळ भाव वाढवून देण्याची नव्हती. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत द्यावी, ही ती मागणी. शासनाने १९९० मध्ये तसा निर्णय केला आणि १९९४ मध्ये तो आधीच्या संपादनांनाही लागू केला. मला हा नवी मुंबईच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा नियोजनविषयक निर्णय वाटतो, आणि तो कोणा नियोजनकाराचा नाही. किंमतवाढीत मूळ मालकाचाही वाटा आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९१५ च्या कायद्यात असलेले तत्त्वच आंदोलनाने मागल्या दाराने परत आणले, म्हणा ना.

पण आकडा किती लहान होता तेही पाहावे. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा. हाती उरले पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. ज्याची जमीन अर्धा एकर त्याला पावणेदोन. वाटप रेंगाळले, वारसांच्या नोंदी अडकल्या, आणि भूखंड हाती येण्यापूर्वीच कितीतरी जणांचे हक्क बांधकाम व्यावसायिकांनी विकत घेतले. म्हणजे ज्या सट्ट्याच्या भीतीने १९७० मध्ये शेतकऱ्याला हिस्सा नाकारला तो सट्टा झालाच, फक्त वीस वर्षे उशिरा, आणि शेतकरी आणखी अडचणीत असताना. मिठागर कामगार आणि बलुतेदार यांच्यासाठीही छोट्या भूखंडांची तरतूद नंतर झाली. १९७० मध्ये जे दिसत नव्हते ते दिसू लागले, इतके तरी म्हणता येईल.

दरम्यान गावठाणे आपापल्या जागी राहिली आणि भोवती शहर उगवले. घरे वाढली, पोरे मोठी झाली, त्यांनी गावठाणाबाहेर, संपादित झालेल्या पण मोकळ्या पडलेल्या जागेत खोल्या चढवल्या. कायद्याने ती अतिक्रमणे. शासनाने ती नियमित करण्यासाठी एकामागून एक निर्णय काढले, आणि त्यांतला शब्दप्रयोग लक्षात राहतो: ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. एरवी सरकारी मराठीत अशा शब्दाला जागा नसते. गरज हा आराखड्यातला रकाना नव्हता. तो चाळीस वर्षांनी शासननिर्णयाच्या शीर्षकात आला.

विमानतळासाठी गावे उठवायची वेळ आली तेव्हा, २०१४ मध्ये, साडेबाराचे साडेबावीस टक्के झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानसभेने त्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या भोवतालच्या ‘नैना’ क्षेत्रासाठी सिडकोला २०१३ मध्ये नियोजन प्राधिकरण नेमले गेले, आणि पुढे तिने सक्तीच्या संपादनाऐवजी चक्क नगररचना योजनाच हाती घेतल्या: साठ टक्के जमीन प्राधिकरणाला, चाळीस टक्के मालकाकडे. तिथल्या अनेक शेतकऱ्यांना हे चाळीसही मान्य नाहीत आणि विरोध चालू आहे. साडेबारापासून चाळीसपर्यंतचा हा प्रवास कोणी औदार्याने केलेला नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. या योजनांत प्रत्येक मालकाला लवादापुढे बोलावून, त्याच्या त्याच्या भूखंडाविषयी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. या सुनावण्यांना फार वेळ लागतो, हीच अडचण १९७० मध्येही सांगितली गेली होती.